जुनी स्पोर्ट्स कार विकायची आहे, तिचा खरा बाजारभाव कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की २००७ ची मर्सिडीज एसएलके आहे, वडिलांनी हौसेनं घेतलेली. आता वडील नाहीत, गाडी नांदेडला शेडमध्ये उभी आहे आणि एजंट म्हणतो, "दोन सीटच्या गाडीला इथं कोण विचारतंय, दीड लाखात उचलतो." त्या एजंटला आधी चहा पाजून वाटेला लावा. दीड लाख हा भाव नव्हे, टोकन झालं.

आपल्याकडचा जुन्या गाड्यांचा बाजार बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हाचा आहे. डिझेल किती खाते, माणसं किती बसतात, शेतातल्या रस्त्यानं जाते का, यावर आकडा ठरतो. तुम्ही नांदेडचे, माळेगावची यात्रा बघितलेली असणार. तिथं घोडा घ्यायला आलेला माणूस बैलांच्या दावणीला चौकशी करत नाही. तुमचा एजंट बैलाचा जाणकार आहे, आणि त्यात तो हुशारही असेल, पण त्याला घोड्याचा भाव विचारून काय उपयोग?

हे एवढं तावातावानं लिहितोय कारण हाच प्रकार माझ्या घरात घडला.

माझ्याकडे २००५ ची स्कोडा ऑक्टाविया आरएस होती. इथंच संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, दीडशे हॉर्सपॉवर, पाच गिअर. चार दारं आहेत म्हणून तिला स्पोर्ट्स कार म्हणू नये असं पुण्याचे काही लोक म्हणतात. त्यांनी ती चालवलेली नाही. माझे थोरले साडू जालन्याला स्टीलच्या धंद्यात, भट्टीसाठी भंगार खरेदी करतात. चांगला माणूस, अडीनडीला धावून येणारा, पण जगातली प्रत्येक वस्तू त्यांना किलोत दिसते. २०२३ च्या अधिक महिन्यात सासुरवाडीला धोंड्याचं जेवण होतं. दोघे जावई, ताटात पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. जेवण झाल्यावर साडूंनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि सासऱ्यांसमोर हिशोब मांडला. "तेराशे किलो धरा. टायर, काचा, सीटा वजा. राहिलं नऊशे. तीस-बत्तीस हजाराचं लोखंड ठुलंय दारात! म्हणलं होतं तव्हाच स्कॉर्पिओ घेतली असती तर चार पाव्हणे तरी बसले असते." सासरे हसले. सासरे हसले हेच मला जास्त लागलं.

विकायची तर होतीच. मुलीची बारावीनंतरची फी समोर होती आणि गाडी महिन्यातून दोनदा बाहेर निघायची. पण त्या दिवशी ठरवलं, हिचा आकडा काढूनच दाखवायचा. जालना रोडवरच्या एका कार बाजारात नेली. त्यानं बॉनेट उघडलं नाही. "पेट्रोल? किती देते?" एवढंच विचारून सत्तर हजार म्हणाला. मोबाइलवरून गाड्या घेणाऱ्या एका कंपनीच्या यादीत तर माझं मॉडेलच नव्हतं.

मग फाइल लावायला बसलो. पहिल्या मालकापासूनची सर्व्हिसची बिलं, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप बदलल्याचं बिल, कॉइल पॅकचं बिल, दोन्ही चाव्या, २०२० मध्ये आरसीचं नूतनीकरण केल्याची पावती. आधीच्या पोरसवदा मालकानं सायलेन्सर बदलून ढणढणता बसवला होता. कंपनीचा मूळ सायलेन्सर माझ्या माळ्यावर होता, तो परत लावला. गाडी धुऊन सकाळच्या उन्हात फोटो काढले, आणि ओरखडे होते त्यांचे वेगळे, जवळून काढले. जाहिरातीत दोष आधी लिहिले.

फोन आले ते पुण्याहून, कोचीहून, बंगळुरूहून. संभाजीनगरातून एकही नाही. शेवटी कोल्हापूरचा एक पोरगा रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आला. चहासुद्धा नंतर म्हणाला. पुठ्ठा अंथरून गाडीखाली गेला, लॅपटॉपला केबल लावून सगळे एरर कोड वाचले, इंजिन थंड असतानाच चालू करायला लावलं, कूलंटचा रंग बघितला, टायरवरचे चार आकडे वाचून कोणत्या आठवड्यात, कोणत्या साली बनले ते मला सांगितलं. बेल्टचं बिल मात्र दोनदा वाचलं. घासाघीस केली ती क्लचवरून, आणि ती रास्त होती. तीन लाख दहा हजारांना सौदा झाला. साडूंना त्याच संध्याकाळी फोन केला. ते म्हणाले, "येडं गिऱ्हाईक घावलं." आजही तेच म्हणतात. गिऱ्हाईक येडं नव्हतं, या दोन जिल्ह्यांत त्या गाडीबद्दल सगळ्यात जास्त अक्कल असलेला माणूस तोच होता.

आता तुमचा भाव. देशभरातल्या एसएलकेच्या जाहिराती बघा, पण त्यातला आकडा म्हणजे विकणाऱ्याची अपेक्षा. जी जाहिरात महिनोन्‌महिने हलत नाही ती जास्त किमतीची. जी लवकर निघून गेली तिच्या मालकाला फोन करून कितीला गेली ते विचारा, बरेचजण सांगतात. विम्यातली आयडीव्ही, म्हणजे विम्याच्या कागदावर धरलेली गाडीची किंमत, डोक्यातून काढा. पाच वर्षांनंतर ती तुम्ही आणि कंपनी आपसात ठरवता, तिचा बाजाराशी संबंध नाही. मग आपल्या गाडीतला खर्च वजा करत जा. उभ्या गाडीचे टायर एका बाजूनं बसतात, बॅटरी मरते, ब्रेकच्या डिस्कला गंज धरतो. टाकीत जुनं पेट्रोल असेल तर काढा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आपल्याच उसा-मक्याचं, आणि त्या काळच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. जाणकार गिऱ्हाईक हे विचारणारच. सगळ्यात मोठी गोष्ट छप्पर. ते पत्र्याचं घडीचं छप्पर हायड्रॉलिकवर चालतं. तेल गळत असेल किंवा अर्ध्यात अडकत असेल तर किंमत तिथंच कोसळते. पूर्ण उघडून मिटल्याचा व्हिडिओ एका दमात, न कापता काढा. ३५० मॉडेल असेल तर इंजिन नंबर हाताशी ठेवा, त्या काळच्या काही इंजिनांत बॅलन्स शाफ्टचं, म्हणजे इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचं, गिअर झिजायचं आणि लोक नंबरावरूनच आधी तपासतात.

आरसी काढून बघा, त्यात गाडी आयात म्हणून नोंदली आहे का. हे फार कमी लोक बघतात. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांपुढच्या देशी कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली, आयात कारची ४०,०००. आणि २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या गाडीला देशी असेल तर १०,००० आणि आयात असेल तर ८०,०००. तुम्ही २०२२ ला नूतनीकरण केलं असेल तर मुदत २०२७ पर्यंत, आणि तेव्हा गाडी विशीत पोहोचते. म्हणजे विकायची तर त्याआधी, नाहीतर गिऱ्हाईक ८०,००० आधी कापेल आणि मग बोलायला बसेल. नूतनीकरणच केलं नसेल तर महिन्याला ५०० रुपये उशिराचे चढताहेत. पर्यावरण कर वेगळा. जुन्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावली नसेल तर आरटीओतलं काम अडेल, तेही उरकून घ्या. दुसऱ्या राज्यातला गिऱ्हाईक एनओसी आणि तिकडचा रोड टॅक्स धरून आकडा सांगतो, त्यामुळे त्याचा आकडा कमी वाटला तर चिडू नका. महाराष्ट्रातलाच मिळाला तर उत्तम.

आपल्या भागाची एक गंमत आहे. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादकरांनी एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींच्या, देशभर बातमी झाली. घेताना आम्ही असे. पण विकायची वेळ आली की तोच माणूस कोपऱ्यावरच्या एजंटला विचारतो आणि तो म्हणेल त्याला मान डोलावतो. माझे साडू यावर म्हणतील की एजंटचं काय चुकलं, रोख तर तोच देतो. बरोबर, रोख देतो. पण त्या रोखीची किंमत तुमच्याकडून आधीच वसूल केलेली असते.

आता दोन गोष्टी, ज्या खरं म्हणजे आधी लिहायला हव्या होत्या. माझी गाडी इथं जुळवलेली, सुटे भाग मिळणारी होती. तुमची तशी नाही, त्यामुळे माझ्या पटीत हिशोब करू नका. आणि गाडी अजून वडिलांच्या नावावर असेल तर ती तुम्हाला विकताच येत नाही. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करा. बाकी वारसांची संमती लागेल, बहिणी असतील तर त्यांचीही. आरसीवर कर्जाचा बोजा दिसत असेल तर तो उतरवायला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. त्यानंतर गिऱ्हाईकाच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटच्या हातात देऊ नका. नाव बदललं नाही आणि पुढं कोणी ठोकली तर भरपाई नोंदणीत ज्याचं नाव त्याच्याकडून मागतात, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

जाहिरात हे सगळं झाल्यावर टाका. तोवर आठवड्याला एकदा इंजिन चालू करा आणि छप्पर उघडून मिटा, शेडमध्ये उंदीर असतील तर वायरिंगकडेही बघा.