‘मुलगी झाली’ की ‘जन्माला घातली’?

एका तरुण बापाचा प्रश्न आहे. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला तिच्यासाठी पत्र लिहायला बसला आणि पहिल्याच वाक्याला अडला. ‘तू आम्हाला झालीस’ लिहिलं की सगळं देवावर टाकून आपण मोकळे झालो असं वाटतं. ‘आम्ही तुला जन्माला घातलं’ लिहिलं की कानाला टोचतं. असं का, आणि मग लिहावं काय?

दोन्ही ठिकाणी त्याला खटकलं ते उगाच नाही. ‘आम्हाला मुलगी झाली’ची ठेवण ‘मला ताप आला’, ‘त्याला राग आला’ यांच्यासारखी आहे. आईबाप चतुर्थीत, म्हणजे गोष्ट ज्यांच्या वाट्याला येते त्या जागी, कर्ता मुलगी. खरं तर ‘होणे’ला माणसाचा हात जोडायची सोय मराठीत आहे: ‘माझ्या हातून चूक झाली’. पण ‘आमच्या हातून मुलगी झाली’ असं कुणी म्हणत नाही. ‘दिवस राहिले’, ‘पाळणा हलला’, ‘देवानं पदरात टाकलं’, सगळीकडे तोच प्रकार. रामदास दासबोधात संसाराची ओढाताण रंगवतात तेव्हाही ‘लेंकुरें उदंड जालीं’ असंच म्हणतात.

मला या रचनेत माया दिसते. ‘त्यांना मूल झालं नाही’ या वाक्यात दोष कुणाच्याच माथी जात नाही. मात्र हीच चतुर्थी ‘तिला दिवस गेले’मध्ये पुरुषाला वाक्यातून पुसून टाकते. आणि ‘तिला मुलीच होतात’ हे वाक्य तर मला ऐकवत नाही. मुलगा की मुलगी हे बापाच्या शुक्राणूत एक्स गुणसूत्र आहे की वाय, यावर ठरतं. वाक्यात मात्र ती एकटीच उभी.

भाचीच्या पाचवीला घरी पाटा-वरवंटा पुजला होता. शेजारी कोरा कागद आणि पेन, रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते म्हणून. सकाळी कागद तसाच कोरा. मी आजीला दाखवला. “लिहिलंय रे, आपल्याला वाचता येत नाही,” ती म्हणाली आणि त्याच दमात बहिणीला हाक मारली, “ऊठ गं, पाजायची वेळ टळून गेली.”

आता ‘जन्माला घालणे’. हे टोचतं, कारण आपण ते भांडणासाठी राखून ठेवलंय: “सांभाळायचं नव्हतं तर जन्माला घातलंत कशाला?” क्रियापदात स्वतःमध्ये कडवटपणा नाही. न्हाऊ घालणे, जेवू घालणे, शाळेत घालणे, मूल वाढवण्याची कितीतरी कामं याच ‘घालणे’नं होतात.

मूल होणं न होणं माणसाच्या विचाराखाली आणणारा शब्द रुजवायला र. धों. कर्व्यांनी हयात घालवली: संततिनियमन. 1921 साली त्यांनी मुंबईत त्यासाठी केंद्र काढलं आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. आज घराघरांत त्याची बोली रूपं ऐकू येतात. “एवढ्यात नको, दोन वर्षांनी होऊ देऊ.” “यंदा चान्स घेतोय.” यातलं ‘होऊ देणे’ मला फार आवडतं. ‘होणे’ आपल्या हातात नाही हेही त्यात आहे आणि ‘देणे’ आपलं आहे हेही.

तर बाबा, ‘झालीस’ खोडू नका. त्या वाक्यात तुमची लेक कर्ता आहे, ती जागा तिचीच. फक्त त्याआधी चार शब्द घाला: ‘आम्हाला तू हवी होतीस, आणि तू झालीस.’ त्यापुढे न्हाऊ घातलं, जागून काढलं, लस टोचून आणली, ही वाक्यं ‘आम्ही’नं सुरू करा. यातलं जे तुम्ही एकट्यानं केलं नाही, तिथे तिच्या आईचं नाव लिहा.