वेळापत्रकाचं चित्र करू नकोस

प्रिय मुली,

तुझा मेल वाचला. वाचनालयाच्या साइटवर कुणी थांबत नाही, मग आता रिॲक्ट हे साइट बनवायचं तंत्र शिकू की वर्डप्रेसची महागातली थीम घेऊ, असं विचारलंयस. दोन्ही नको.

काल रात्री तुझी साइट फोनवर उघडली आणि वाचनालय सोमवारी चालू असतं का, एवढंच शोधत बसलो. माहिती होती, पण पोस्टरमध्ये. केशरी पार्श्वभूमी, पिवळी अक्षरं, कोपऱ्यात समई. पोस्टर देखणं आहे, छापून दारावर लाव. साइटवर मात्र मजकूर मजकूरच राहू दे. दोन बोटांनी पान मोठं करायला गेलो तर तेही होईना. तू घेतलेल्या फुकटच्या टेम्प्लेटमध्ये झूम बंद करणारी सूचना आहे, पान पडद्यावर कसं मावावं हे सांगणाऱ्या व्ह्यूपोर्टच्या टॅगमध्ये. 'यूजर-स्केलेबल' शोध आणि काढून टाक. सभासद बहुतेक निवृत्त आहेत असं तूच लिहितेस, आणि त्यांचाच चष्मा काढून घेतेस!

आता हिशेब कर. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. वेळापत्रकात काना-मात्रा धरून ५०० चिन्हं असली तरी १,५०० बाइट झाले. तुझं पोस्टर ३ एमबीचं आहे, म्हणजे साधारण दोन हजार पट. एसटीत, जेमतेम रेंजवर, ते उघडेपर्यंत माणूस वाचनालयात जाऊन आलेला असेल. शिवाय पोस्टरातल्या फोन नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही. कुणी दृष्टिहीन वाचक टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय, लावून आला, तर त्याला ते पोस्टर म्हणजे नुसती 'इमेज', नाहीतर फाइलचं नाव. हल्ली गूगल लेन्स चित्रातलं वाचतं, असं म्हणशील. वाचतं की. पण सोमवारची वेळ कळावी म्हणून सभासदाने तेवढा उपद्व्याप का करायचा? तू टाइप का करत नाहीस?

चिडतोय, कळतंय मला. त्याला कारण आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी मराठी साइट्स ज्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये असायच्या. फाइलमध्ये खरं तर रोमन अक्षरं, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवायचा. वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा कचरा. एका दिवाळी अंकाची मंडळी अशीच हटून बसली होती. मी युनिकोड, युनिकोड म्हणून घसा कोरडा केला. उत्तर आलं, 'पण या फॉन्टची वेलांटी किती डौलदार आहे!' त्या फाइली आजही माझ्याकडे आहेत. कन्व्हर्टरमधून काढल्या की रफार भलत्याच अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी शेजारी सरकते. कवितेतला मूळ शब्द कोणता, हे विचारावं तर कवी राहिलेले नाहीत. याची हळहळ अजून जात नाही.

मुखपृष्ठ फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये नाचवणारेही होते. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार काढला आणि ती पानं गेली. याउलट सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेतली जगातली पहिली साइट १९९१ ची. तिची १९९२ सालची प्रत आजच्या फोनवर बिनतक्रार उघडते. तिच्यात आहे काय? मजकूर आणि दुवे.

माझ्या साइट्स सरकारी परिपत्रकासारख्या दिसतात, असं लोक म्हणतात. दिसू देत, उघडतात ना? एका गिऱ्हाइकाने माझं काम काढून घेऊन दुसऱ्याकडून फिरता स्लायडर करून घेतला. पाच चित्रं आपोआप सरकतात, पहिल्यावरची ओळ वाचून होण्याआधी दुसरं येतं. ते खूश आहेत म्हणे. असोत. हे सगळं तुला का सांगतोय? थोडं तुझ्यासाठी, थोडं माझं म्हणणं बरोबर होतं हे कुणीतरी ऐकावं म्हणून.

मजकूर टाइप केलास की दिसण्याचीही काळजी घे, मी त्याविरुद्ध नाही. इंग्रजी टेम्प्लेटमधलं अक्षरांतलं अंतर शून्य कर. त्या अंतराने आपली शिरोरेषा तुटते आणि शब्द फुटक्या कौलांसारखा दिसतो. ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या १.६ पट तरी ठेव, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं तुला नाजूक वाटतात, पण उन्हात उभ्या माणसाला ती दिसतच नाहीत. मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा फरक निदान ४.५ ला १ हवा, मोजून देणारी साधनं फुकट मिळतात. फॉन्ट हवाच असेल तर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा 'मुक्त' घे, तोही फुकट आहे. आणि पानाची भाषा अजून इंग्रजी लिहिलेली आहे, तिथे मराठीचा कोड टाक. स्क्रीन रीडर त्यावरून उच्चार ठरवतो आणि काही फॉन्ट त्यावरूनच ल आणि श मराठी वळणाचे काढतात.

रंगांबद्दल मला विचारू नकोस, त्यातलं मला कळत नाही.

आधी वेळापत्रक आणि वर्गणीचं पान टाइप करून पाठव, बाकीचं नंतर बघू. अध्यक्षांचा फोटो मुख्य पानावर हवाच असं समितीने ठरवलं असेल तर राहू दे, त्यावरून भांडू नकोस. फक्त त्यांचं नाव फोटोत कोरू नकोस. खाली टाइप कर.

तुझा,
काका