सिगार ओढण्याआधी सुकवावी का, आणि किती?

प्रश्न थोडक्यात असा: ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे सिगारी ठेवायच्या ठरावीक ओलाव्याच्या पेटीत, ७० टक्के आर्द्रता नीट राखली आहे, तरी सिगार एका बाजूने जळते, दोन-तीनदा विझते आणि अर्ध्यानंतर कडवट लागते. ओढण्याआधी ती बाहेर काढून सुकवावी का, आणि किती वेळ?

हो, सुकवावी. ही तिन्ही लक्षणं सादळलेल्या सिगारची आहेत. ह्युमिडॉरमध्ये बिघाड नाही. ७० टक्के सापेक्ष आर्द्रता सिगार टिकवायला योग्यच आहे, कारण तेवढ्या ओलाव्यात पान लवचीक राहतं, त्यातली तेलं उडून जात नाहीत आणि तंबाखू संथपणे मुरत राहतो. पण साठवणीचा आकडा वेगळा आणि ओढण्याचा आकडा वेगळा. बहुतेक सिगारी ६२ ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान सगळ्यात छान जळतात. त्या पाच-सात टक्क्यांसाठीच हा सगळा खटाटोप आहे, आणि तो करण्यासारखा आहे.

एवढ्याशा फरकाने इतकं काय बिघडतं, ते पाहा. ७० टक्के आर्द्रतेत मुरलेल्या तंबाखूच्या वजनात साधारण सातवा-आठवा हिस्सा पाणीच असतं. म्हणजे १४ ग्रॅमच्या सिगारमध्ये जवळपास दोन ग्रॅम पाणी. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ व्हायला सुमारे २२६० ज्यूल उष्णता लागते, आणि ती उष्णता निखाऱ्यालाच द्यावी लागते. निखारा थंडावतो, तंबाखू पुरता जळत नाही, अर्धवट जळालेल्या पानाचा कडू-आंबट धूर येतो. विझू नये म्हणून आपण नकळत भराभर झुरके घेतो, त्याने धूर तापतो आणि जीभ पोळते. भरीस भर म्हणजे ओलाव्याने पान फुगतं, मधल्या वाटा अरुंद होतात आणि ओढ जड लागते. निखाऱ्याजवळची वाफ पुढे थंड भागात जाऊन पुन्हा पाणी होते आणि डांबरासह तोंडाकडच्या टोकाला साचते. शेवटच्या तिसऱ्या भागात येणारा कडवटपणा बराचसा तिथलाच. चांगल्या सिगारला ‘फार कडक’ किंवा ‘बेचव’ म्हणून कायमचं बाद केलं जातं, तेव्हा दोष अनेकदा पानाचा नसून पाण्याचा असतो. मला याचं वाईट वाटतं, कारण इलाज फक्त काही दिवसांच्या धीराचा आहे.

वेडंवाकडं जळण्याचं कारणही यातच आहे. सिगारच्या पोटात एकाच जातीचं पान नसतं. लिगेरो हे रोपाच्या वरच्या भागातलं पान जाड, तेलकट आणि सावकाश जळणारं, म्हणून ते मधोमध ठेवतात, सेको रोपाच्या मधल्या भागातलं, वोलादो पातळ आणि चटकन पेट घेणारं. कोरड्या सिगारमध्ये ही सगळी पानं जवळजवळ एकत्र जळतात. ओलावा वाढला की पातळ पान पुढे पळतं आणि जाड पान मागे रेंगाळतं.

आता कृती. सगळ्यात आधी हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारा मीटर, तपासा, कारण काट्याचे स्वस्त मीटर सर्रास पाच-दहा टक्क्यांनी चुकतात. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून पाणी वर दिसायला लागलं तर जास्त झालं. ते झाकण आणि मीटर एका हवाबंद पिशवीत २४ तास ठेवा. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर ७१ दाखवत असेल तर तुमच्या प्रत्येक वाचनात ४ मिळवा. तुमचे ७० टक्के प्रत्यक्षात ७४ निघाले, तर निम्मं कोडं इथेच सुटेल.

मी ज्या पद्धतीची शिफारस करेन ती अशी. काचेचा किंवा प्लास्टिकचा, रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या. त्याला आधीचा कुठलाही वास नको, तंबाखू वास पटकन ओढून घेतो. त्यात दुहेरी काम करणारा ह्युमिडिटी पॅक टाका, म्हणजे कमी पडेल तिथे ओलावा देणारा आणि जास्त असेल तिथे शोषणारा. हे पॅक ५८, ६२, ६५, ६९, ७२ अशा ठरावीक टक्क्यांचे मिळतात. इथे ६२ किंवा ६५ चा घ्या. ६० ग्रॅमचा एक पॅक २५ सिगारींपर्यंत पुरतो. पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत ओढायच्या तेवढ्याच सिगारी या डब्यात हलवा. सेलोफेन काढा. ते वाफ जाऊ देतं, पण वेग कमी करतं. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीतली सिगार तर बाहेरच काढा, बंद नळीत काहीच घडणार नाही. डबा गच्च भरू नका, सिगारींमधून हवा फिरली पाहिजे.

किती दिवस? ५० रिंग गेजच्या सिगारला चार-पाच दिवस, ३८ ते ४२ च्या बारीक सिगारला दोन-तीन, ६० च्या जाडजूड सिगारला सहा-सात. रिंग गेज म्हणजे इंचाच्या ६४ व्या भागात मोजलेला व्यास. ५० म्हणजे जवळपास २० मिलिमीटर. गाभ्यातून ओलावा बाहेर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ३८ च्या मानाने ६० ला दीडपट नव्हे, साधारण अडीचपट वेळ लागतो. जाड सिगारींबद्दलच जास्त तक्रारी का येतात, त्याचं हे एक मोठं कारण आहे. या पद्धतीचा खरा फायदा असा की ६२ वर पोचल्यावर सिगार तिथेच थांबते. दोन दिवस जास्त राहिली तरी वाळून जात नाही.

घाई असेल तर दुसरा मार्ग, ज्याला ड्राय-बॉक्सिंग म्हणतात. सीडर लाकडाचा रिकामा सिगार-बॉक्स घ्या, आत पॅक किंवा स्पंज काही नको, सिगार ठेवून झाकण लावा. खोलीची आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असेल तर बारीक सिगारला चार-सहा तास, ५० गेजला १२ ते २४ तास. टेबलावर उघडी ठेवली तर यापेक्षा लवकर सुकते, पण सुकतं ते फक्त रॅपर, म्हणजे सगळ्यात बाहेरचं पान. गाभा तसाच ओला राहतो. अशी सिगार पेटवली की आतलं ओलं पान उष्णतेने फुगतं, बाहेरचं कडक झालेलं पान ताणलं जातं आणि निखाऱ्याच्या थोडं पुढे उभी चीर पडते. म्हणून टेबलावर तास-दोन तास ठेवलीच, तर नंतर दोन-तीन तास बंद डब्यात ठेवा, म्हणजे आतला-बाहेरचा ओलावा थोडा तरी सारखा होतो.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते: उघड्यावर सिगार घड्याळाप्रमाणे नाही, खोलीच्या हवेप्रमाणे सुकते. हवा ८० टक्के दमट असेल तर बाहेर ठेवलेली सिगार सुकणार नाहीच, उलट आणखी सादळेल. ‘रात्रभर बाहेर ठेवली तरी फरक पडला नाही’ असं म्हणणाऱ्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. तेव्हा हवाबंद डबा आणि पॅक हाच मार्ग. याउलट हीटर चालू असलेल्या खोलीत आर्द्रता २५-३० टक्क्यांवर येते, आणि तिथे उघड्यावर एक तास हीसुद्धा मोठी जोखीम आहे. दमट हवेत उघड्यावर बसून ओढायची असेल तर आधी ६० च्या आसपास आणा, कारण ओढता ओढताही रॅपर हवेतला ओलावा घेत असतं.

ओव्हन, मायक्रोवेव्ह, हेअर ड्रायर, ऊन, एसीचा थेट झोत यांतलं काहीही वापरू नका. उष्णतेने पाण्याबरोबर सुगंधी तेलंही जातात, आणि गेलेली तेलं परत येत नाहीत. फ्रिजही नको. तिथे वासही लागतात आणि आर्द्रता सतत खाली-वर होते.

झाली की नाही हे हाताला कळतं. सिगार आडवी धरून पायाच्या (पेटवायच्या) टोकापासून डोक्यापर्यंत (तोंडात धरायच्या टोकापर्यंत) अंगठा आणि बोटाने हलकेच दाबत जा. दबून लगेच पूर्ववत झाली तर तयार. स्पंजासारखी दबली आणि खळगा तसाच राहिला तर ओली. कानाशी धरून दाबल्यावर कुरकुर आवाज आला तर फार कोरडी. मधेच एखादी कडक गाठ लागली तर ती ओलाव्याची नाही, पानं भरतानाची चूक आहे. पायाचं टोकही पाहा, पानं फुगून कड बाहेर पसरली असेल तर आणखी थांबा. हाताचा अंदाज बसेपर्यंत वजनकाटा फार उपयोगी पडतो. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर डब्यात टाकताना वजन करा, रोज एकदा पुन्हा करा आणि आकडे कागदावर लिहा. आधी दशांशांत उतरेल, मग शतांशांत, मग थांबेल. वजन सलग दोन दिवस हललं नाही की गाभ्यापर्यंत काम झालं.

रॅपरप्रमाणे आकडा थोडा हलवा. मदुरो या गडद रॅपरचं पान जाड आणि तेलकट, त्याला ६२ मानवतं. कॅमेरून आणि कनेटिकट शेड ही पानं नाजूक, ती ६५ च्या खाली नेली तर कापतानाच चिरतात. क्यूबन सिगारींना ६२ ते ६५ बरं. ५८-६० च्या खाली मात्र कुठलीच नेऊ नका. तिथून पुढे सिगार कागदासारखी भराभर जळते, धूर गरम आणि तिखट होतो आणि चव सपाट पडते.

आधीच वाळून गेलेली सिगार परत आणायची तर क्रम उलटा आणि वेग आणखी कमी. तिला थेट ७० मध्ये टाकलं की रॅपर आणि बाइंडर (त्याखालचं, पोट बांधून ठेवणारं पान) वेगवेगळ्या वेगाने फुगतात आणि रॅपर फाटतं. दोन आठवडे ५८ वर, मग दोन आठवडे ६२ वर, मग ६५ वर. ओला स्पंज, सफरचंदाची फोड, ओलं फडकं यांनी बुरशी येते. हाताळताना दर वेळी दोन्ही हातांनी हलकेच उचला, कारण या अवस्थेत नुसत्या बोटाच्या दाबानेही पान तडकतं.

साठवणीचा ह्युमिडॉरही ७० वरून ६५-६७ वर आणला तरी काही बिघडत नाही, आणि रोजचं सुकवणं बरंचसं वाचतं. तापमान मात्र १८ ते २१ अंशांच्या आसपास राहू द्या. २४-२५ अंशांच्या वर आणि दमट हवेत तंबाखूतल्या भुंगेऱ्याची अंडी उबण्याचा धोका असतो, आणि आर्द्रता ७५ च्या वर राहिली तर बुरशीचा.

सुकवूनही एका बाजूने जळत असेल तर पेटवण्याकडे लक्ष द्या. ज्योत टोकाला टेकवू नका, थोडी खाली धरून सिगार फिरवत पूर्ण वर्तुळ सारखं तांबडं होऊ द्या, मग पहिला झुरका. पुढे मिनिटाला साधारण एक झुरका. मागे पडलेल्या बाजूला ज्योत हलकेच लावून दुरुस्त करा. आत पोकळ बोगदा पडत असेल, म्हणजे पोट पुढे जळालंय आणि रॅपर मागे राहिलंय, तर एक तर रॅपर अजून ओलं आहे किंवा दोन झुरक्यांमधलं अंतर जास्त होतंय. तेव्हा राख झाडून कडेचं पान जाळून घ्या. मधेच कडवटपणा वाढला तर सिगार ओढण्याऐवजी तिच्यातून हळूच बाहेर फुंका, साचलेला शिळा धूर निघून जातो. वाऱ्यात बसला असाल तर यातलं काहीच टिकणार नाही, आधी जागा बदला.

एक स्पष्ट सांगायला हवं: नीट सुकवलेल्या सिगारचा धूर चवीला सौम्य लागतो, म्हणून तो शरीराला सौम्य असतो असं नाही. कर्करोगाचा धोका ओलाव्याने कमी-जास्त होत नाही.

तुमच्या बाबतीत सुरुवात अशी करा. एकाच बॉक्समधल्या तीन सिगारी घ्या, एक ६९ वर, एक ६५ वर, एक ६२ वर. तिघींना वजन थांबेपर्यंत ठेवा, मग वेगवेगळ्या दिवशी, शक्यतो एकाच वेळी आणि एकाच जागी ओढा. प्रत्येकीच्या बाबतीत चार गोष्टी लिहून ठेवा: किती मिनिटं चालली, किती वेळा पुन्हा पेटवावी लागली, ओढ कशी होती, शेवटचा तिसरा भाग कसा लागला. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून माझा अंदाज ६२-६५ च्या बाजूने आहे, पण रॅपर कोणतं आहे आणि मिठाच्या चाचणीत मीटर किती चुकलं, ते कळवलंत तर आकडा आणखी नेमका सांगता येईल.