नमुन्यात डेमोक्रॅट जास्त, म्हणजे पोल खोटा?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अमेरिकेतल्या निवडणुकीवरच्या वादसभेत तू एका मतचाचणीबद्दल म्हणालास, "या पोलच्या नमुन्यात, म्हणजे प्रश्न विचारलेल्या लोकांत, डेमोक्रॅट रिपब्लिकनांपेक्षा सहा टक्क्यांनी जास्त, म्हणजे पोल पक्षपाती," आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचीच मला काळजी वाटते. 2012 साली रिपब्लिकन उमेदवार रॉम्नींच्या काही समर्थकांनी हाच मुद्दा धरून पोलचे आकडे 'सरळ' करायला घेतले होते. नमुन्यातले डेमोक्रॅट कमी केले की रॉम्नी पुढे! प्रत्यक्षात डेमोक्रॅट ओबामा जवळपास चार टक्क्यांनी जिंकले. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं, तेव्हा डेमोक्रॅट 38 टक्के आणि रिपब्लिकन 32 टक्के निघाले. तुझेच ते सहा टक्के.

घोळ 'पक्ष' या शब्दाचा आहे. आपल्या मतदार यादीत पक्ष नसतो, त्यामुळे तो आपल्या चटकन लक्षात येत नाही. केंटकी राज्यात मतदार नोंदणी करतानाच पक्ष लिहितात, आणि त्या पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत त्याच्याच नोंदलेल्यांना मत देता येतं. विस्कॉन्सिन, टेक्सासमध्ये नोंदणीत पक्ष नाही. नॉर्थ डकोटात तर मतदार नोंदणीच नाही. पोलवाला फोनवर विचारतो ते तिसरंच: आज तुम्ही स्वतःला कोणत्या पक्षाचे समजता?

तिकडे शिकत असताना मी संध्याकाळी असे फोन करायचो. केंटकीतले एक आजोबा म्हणाले, "नोंद डेमोक्रॅट, वडिलांपासूनची. पण मला रिपब्लिकनच धर." मी खूण केली आणि तेव्हा मला तो फरक कळला. गावातल्या पदांचा निकाल अनेकदा डेमोक्रॅटांच्या प्राथमिक निवडणुकीतच लागायचा, म्हणून असे कितीतरी जण नोंद बदलतच नसत. 2016 मध्ये तिथे नोंदलेले डेमोक्रॅट जास्त होते, आणि ट्रम्प यांना साठ टक्क्यांहून अधिक मतं पडली. नोंदणीत रिपब्लिकन पुढे गेले ते थेट 2022 मध्ये.

म्हणून यादीतल्या पक्षाने फोनवरचं उत्तर मोजू नकोस. वय, लिंग, शिक्षण जनगणनेशी ताडून भार देता येतो, म्हणजे नमुन्यात कमी पडलेल्या गटाची उत्तरं जास्त धरता येतात; 2016 नंतर शिक्षणाचा भार तर अनेकांनी नव्याने धरला. 'मी अमुक पक्षाचा' हे मात्र मतच आहे. उमेदवाराचा आठवडा वाईट गेला की त्याचेच काही लोक 'अपक्ष' म्हणायला लागतात.

तुझी शंका मात्र खुळी नाही, ती सोडू नकोस. 2020 मध्ये देशपातळीवरच्या पोलनी डेमोक्रॅट बायडन यांची आघाडी प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवली, चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी चूक. नंतर झालेल्या चौकशीतही नेमकं कारण सिद्ध करता आलं नाही. एक शक्यता अशी, की फोन उचलणारे रिपब्लिकन आणि न उचलणारे रिपब्लिकन सारखे नव्हते. तसं असेल, तर नमुन्यात रिपब्लिकन वाढवून काय साधणार? वाढतील ते उचलणारेच.

पुढच्या सभेआधी त्या पोलचं शेवटचं, पद्धत सांगणारं पान काढ. प्रश्नाचे शब्द, विचारलं ते सगळे नोंदलेले मतदार की फक्त मतदानाची शक्यता असलेले, भार कशाकशाचे, एवढं वहीत उतरव. मग तुझ्या बाजूचा, तुला आवडलेला एक पोल घे आणि तोही तसाच तपास. दोन्ही पानं मला रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
काका