जुन्या हत्यारांच्या मुठी आणि दांडे

प्रश्न : हातोडीचा दांडा आणि पटाशीच्या मुठी काळ्या, खरखरीत झाल्या आहेत. व्हार्निश जागोजागी सुटले आहे. घासून पुन्हा व्हार्निशच लावावे का?

उत्तर : व्हार्निश नको. त्याचा थर लाकडावर नुसता बसून राहतो. घामट हाताला तो चिकटतो, त्याने तळहाताला फोड येतात आणि कुठे टवका उडाला की तिथून ओल शिरून लाकूड काळे पडते. जवसाचे तेल लाकडात मुरते, पकडही सुटत नाही.

आधी जुने व्हार्निश खरवडून काढा. स्क्रेपरची (खरवडायच्या पोलादी पट्टीची) किंवा हातमोजा घालून धरलेल्या काचेच्या तुकड्याची सरळ कड लाकडाच्या रेषांच्या दिशेने ओढा. कागदासारखी पातळ सालपटे निघायला हवीत. भुकटी पडू लागली की धार गेली. सुरुवातच पॉलिश पेपरने केली तर व्हार्निश तापून कागदातच भरते. नंतर १२० आणि १८० नंबरचा कागद पुरे.

आता ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. लाकडाचे तंतू उभे राहतील, ते १८० ने अलगद घासा. हे टाळलेत तर पहिल्याच घामाने मूठ पुन्हा खरखरीत होते.

जवसाचे तेल 'डबल बॉइल्ड', म्हणजे लवकर वाळणारे, घ्या; कच्च्या तेलाला वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. पहिल्या हाताला तेल आणि टर्पेंटाइन निम्मे-निम्मे. वीस मिनिटांनी वरचे सगळे तेल पुसून घ्या. मग एकेका दिवसाच्या अंतराने निव्वळ तेलाचे दोन हात. दांड्याचे आडवे कापलेले टोक फार तेल पिते, तिथे पिणे थांबेपर्यंत लावा. मूठ चिकट राहिली तर पुसणे कमी पडले. टर्पेंटाइनच्या फडक्याने चोळा.

तेलाची फडकी बोळा करून टाकू नका! तेल वाळताना उष्णता निघते, ती बोळ्यात कोंडून आपोआप आग लागते. एकेक फडके बाहेर मोकळे पसरून वाळवा.

प्रश्न : हातोडीचे डोके हलते. रात्रभर पाण्यात ठेवावे का?

उत्तर : नाही. फुगलेले लाकूड लोखंडाच्या भोकात दबून चेपते आणि वाळल्यावर आधीपेक्षा बारीक होते, मग डोके जास्तच हलते. डोके खाली लोंबते ठेवून दांडा हातात धरा आणि त्याच्या वरच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोका. डोके वजनाने जागीच राहते, दांडा आत सरकतो. मग डोक्याच्या भोकात दांड्याच्या टोकाला ठोकलेली जुनी पाचर काढून थोडी जाड पाचर ठोका. दांड्याला उभी चीर असेल तर मात्र दांडाच बदला. चीर डिंकाने चिकटवलेल्या हातोडीने घाव घालू नये.