वाचकांचे प्रश्न : दोन मीटरचा धबधबा आणि कुल्दिगा

प्रश्न : लाटव्हियातल्या कुल्दिगाचा धबधबा युरोपातला सर्वांत रुंद, असे वाचले. फोटोत मात्र पाणी जेमतेम माणसाच्या डोक्याइतके उंच दिसते. हा धबधबा की बंधारा? आणि एवढ्याशा गावाला राजधानीचा मान कसा मिळाला? जूनमध्ये रीगाला जाणार आहोत. वाट वाकडी करावी का?

उत्तर : धबधबाच, तोही नैसर्गिक. व्हेंता नदीच्या पात्रात डोलोमाइट या कठीण खडकाचा थर आडवा पसरला आहे. त्याची कड वेडीवाकडी, पण जवळजवळ एका पातळीत. म्हणून पाणी एका जागी न कोसळता रुंदीभर सांडते. उंची १.६ ते २.२ मीटर. रुंदी एरवी १०० ते ११० मीटर. बर्फ वितळून पूर आला की २७० मीटरच्या आसपास. सह्याद्रीतल्या कड्यांची सवय असलेल्यांनी उंची शोधू नये, पुलावरून ती लांबलचक पांढरी रेघ पाहावी.

गाव वसले तेही या खडकाजवळच. प्रशियाहून रीगाकडे जाणारी वाट इथे नदी ओलांडायची, म्हणून १२४२मध्ये लिव्होनियन ऑर्डर या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघटनेने काठावर किल्ला बांधायला घेतला. १३६८मध्ये गाव हान्सा या उत्तर युरोपातल्या शहरांच्या व्यापारी संघात आले. पुढे कुरलँडची डची, म्हणजे ड्यूकच्या सत्तेखालचे इथले राज्य, दोन भावांत वाटली गेली. फ्रिड्रिख मिताऊला, म्हणजे आजच्या येल्गावाला राहिला आणि विल्हेल्म इथे. १५९६ ते १६१६ हीच ती राजधानीची वर्षे. विल्हेल्मचा मुलगा याकोब इथलाच, जन्म १६१०चा. पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बिया नदीतले बेट आणि कॅरिबियनमधले टोबॅगो इथे वसाहती करणारा ड्यूक तो हाच. मात्र घरच्या नदीत होड्यांची वाट या कडेनेच अडवली. वळसा घालणारा कालवा खोदायचे प्रयत्न झाले, पण खडक दाद देईना. मासेमारांनी मात्र कडेचा फायदा करून घेतला. त्यांनी पाण्यापुढे टोपल्या टांगल्या. वर चढताना उडी चुकलेला सामन मासा अलगद टोपलीत पडे.

वाट जरूर वाकडी करा. विंबा माशांच्या उड्या एप्रिल-मेमध्ये दिसतात, त्या जूनमध्ये हुकतील. पाणी उतरलेले असेल तर कडेवरून चालत पलीकडे जाता येते. खडक शेवाळाने निसरडा आणि मध्येच खळगे. पाय तिथेच मुरगळतात. अनवाणी जाऊ नका, पकड असलेले रबरी तळाचे बूट घाला आणि पाय टेकवून खात्री झाल्यावरच भार द्या. पाणी गुडघ्यापर्यंत आले की मागे फिरा.

विटांचा पूल १८७४चा, १६४ मीटर लांब, सात कमानींचा. १९१५मध्ये त्याच्या दोन कमानी उडवल्या गेल्या, १९२६मध्ये पुन्हा बांधल्या. तिथून जुन्या गावात शिरा. २०२३पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. अलेक्शुपिते हा ओढा घरांच्या भिंतींना घासून वाहतो. त्याच्यावरचा साडेचार मीटरचा धबधबा मात्र माणसाने केलेला, कागदाच्या गिरणीसाठी.

रीगाहून अंतर सुमारे १५० किलोमीटर. प्रवासी रेल्वे नाही, बसनेच जावे लागते. उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ बघून ठेवा.