शेअरांची संख्या वाढली म्हणून डिव्हिडंड पक्का होत नाही

ब्रॅम्प्टनच्या एका वाचकांचं पत्र थोडक्यात असं. कॅनडातल्या बँकांचे शेअर धरणाऱ्या एका स्प्लिट फंडाचे 4,000 क्लास ए शेअर त्यांच्याकडे होते. फंडाने 100 ला 25 जादा दिले, आता 5,000 झाले. शेअरमागे महिना 10 सेंट डिव्हिडंड तसाच, म्हणजे 400 ऐवजी 500 डॉलर. त्यातून पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता जातो. ‘खात्री असल्याशिवाय फंड शेअर वाढवेल का? आणखी 2,000 घेऊ का?’ आणि शेवटी, जाता जाता: मूळचे 60,000 डॉलर घराच्या क्रेडिट लाइनवर (घर तारण ठेवून मिळणारं कर्ज) 6 टक्क्यांनी उचलून नवरा-बायकोच्या टीएफएसएत (कॅनडातलं करमुक्त बचत खातं) टाकलेत.

आधी विचारलेलं. डिव्हिडंड पक्का झालेला नाही, उलट जास्त डळमळीत झालाय. तुमच्या प्रत्येक क्लास ए शेअरला 10 डॉलरच्या एका प्रेफर्ड शेअरची जोडी असते; दोन्ही मिळून एक युनिट. प्रेफर्डवाल्यांचं देणं आधी, उरेल ते तुमचं. तुमचे आकडे धरले तर युनिट 25 डॉलरचं होतं: 10 त्यांचे, 15 तुमचे. जादा शेअर दिल्यावर तुमच्या 15 चे 12 झाले. जोड्या जुळवायला फंड नवे प्रेफर्ड विकतो, म्हणजे युनिट 22 वर आलं. (फंडाची मालमत्ता वाढली की व्यवस्थापन फीही वाढते. ‘खात्री’चा हाही एक अर्थ.)

अशा बहुतेक फंडांत युनिट 15 च्या खाली गेलं की क्लास एचा डिव्हिडंड थांबतो. आधी 40 टक्के पडझड पचली असती, आता 32. मार्च 2020 मध्ये कितीतरी स्प्लिट फंडांनी क्लास एचं वाटप थांबवलं होतं. प्रेफर्डवाल्यांना मात्र मिळत राहिलं. शिवाय प्रेफर्डला साडेपाच टक्के धरले तर फंड आधी वर्षाला मालमत्तेच्या 7 टक्के वाटत होता, आता 8. बँकांकडून येणारा डिव्हिडंड त्याहून बराच कमी. बाकीचं शेअर चढले तर नफ्यातून, नाहीतर तुमच्याच मुद्दलातून. त्यामुळे आणखी 2,000 घेऊ नका.

आता न विचारलेलं, कारण खरा घोळ तिथे आहे. 60,000 वर 6 टक्के म्हणजे महिना 300 डॉलर व्याज. टीएफएसएसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज उत्पन्नातून वजा करता येत नाही, हे तुम्हाला विकणाऱ्याने सांगितलं होतं का? 500 मधून 300 गेले, हातात 200. एवढ्यासाठी राहतं घर गहाण. युनिट 22 चं 15 झालं तर तुमचा शेअर 12 चा 5 होतो. 5,000 शेअरांचे 25,000, डिव्हिडंड शून्य, कर्ज मात्र 60,000 च आणि पुण्याचा हप्ता चालूच. टीएफएसएतला तोटा करात दाखवता येत नाही, बुडालेल्या पैशांची जागाही (खात्यात पैसे भरायची मर्यादा) परत मिळत नाही.

आज 12 भाव मिळतोय तर सगळे विका आणि क्रेडिट लाइन फेडा. वाचलेले 300 आणि पगारातले 200 मिळून फ्लॅटचा हप्ता निघतो. पगारातून 200 निघत नसतील, तर फ्लॅट ठेवायचा का हा वेगळा प्रश्न. तो मला भाड्याच्या आकड्यासकट लिहा. पैसे 31 डिसेंबरच्या आत काढा, म्हणजे काढलेल्या रकमेएवढी टीएफएसएची जागा 1 जानेवारीला परत मिळेल. ती पुन्हा उधारीने भरू नका.